सुमीची सुटका

रिमांड होममध्ये नोकरी केली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. आपण थकूनभागून घरी येतो, चपला काढतो, आणि मागोमाग तेही घरात शिरतात. एकसष्ट-बासष्टच्या सुमारास मी अमरावतीला मेट्रन होते. हे सगळे किस्से एकट्या सुमीचे.

सुमीला आईबाप नव्हते. मामानं अकोल्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लावलेलं. तिथं ओच्यात सरकी सापडली म्हणून चोरीची केस, आणि निकाल लागेपर्यंत पोरगी आमच्याकडे. तिला घेऊन एक म्हातारे जमादार निघाले ते गाडीत बसल्याबरोबर घोरायला लागले. बडनेऱ्याला सुमीनंच त्यांना हलवलं, "उठा ना बाबा, उतरा लागते आपल्याले."

आमच्या दारात ती पुढे, जमादार मागे. मी विचारलं, "कोणी कोणाला आणलं?"

"बाई, सही करा अन् मले बी ठेवून घ्या दोन दिवस. लय थकलो."

शाळेत घालायचं तर वय पाहिजे. सरकारी डॉक्टरांनी दात पाहिले, मनगट पाहिलं आणि सांगितलं, "दहा ते तेरा." मी म्हटलं, एक काहीतरी सांगा. "एकच पाहिजे तर आईला विचारा!" आई असती तर मी तिथं कशाला गेले असते? हेडमास्तरांनी विचारलंसुद्धा नाही, 'एक जून' लिहून मोकळे झाले. त्यांच्या शाळेतली अर्धी पोरं एक जूनचीच. सुमी मात्र हरखली. "बाई, मले बी वाढदिवस हाय!"

मग खरूज झाली. शाळा म्हणे, बरी झाल्याशिवाय पाठवू नका. डॉक्टर म्हणे, मलम लावा अन् कपडे उकळा. उकळायला जादा लाकडं हवीत, त्याची मंजुरी वरून. मंजुरी आली तेव्हा मलमानं खरूज गेली होती. लाकडं तर आलीच नाहीत. बुडालेला अभ्यास भरून काढायला सुमी जेवणाच्या रांगेतही पाढे म्हणायची. चौथी पास झाली तर मुलींच्या वसतिगृहात जागा मिळणार होती. नाहीतर मामा आणि जिनिंग.

एप्रिलात केस उभी राहिली, मी तिला घेऊन कोर्टात गेले. जिनिंगचा साक्षीदार आलाच नाही. मॅजिस्ट्रेट साहेब म्हणाले, "पोरी, तुझ्यावर काही शाबीत झालं नाही. तू सुटलीस. मामाबरोबर घरी जा."

मामा दारात उभाच होता. दुसऱ्या दिवशीपासून परीक्षा, आणि सुटलेल्या पोरीला मी कोणत्या तोंडानं ठेवून घेणार?

सुमी जागची हलली नाही. "साहेब, मले इतक्यात सोडू नका. उद्यापासून परीक्षा हाय."

"घरून दे की."

"मामा जिनिंगात धाडते."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला विचारलं, "परीक्षेचा निकाल कधी?"

"पुढच्या महिन्यात, साहेब."

ते कारकुनाकडे वळले. "पुढच्या महिन्यातली तारीख द्या."

मामा पुढे आला. "पण साहेब, पोरगी तं सुटली ना?"

"सुटली," साहेब म्हणाले. "पुढच्या महिन्यात."