सरपंचबाईंच्या नवऱ्याला काय म्हणायचं

बायको सरपंच झाली आणि माझं काय करायचं, हा प्रश्न गावाला पडला. तिला सगळे आधीपासून वहिनी म्हणत, ते वहिनीच म्हणत राहिले. सरपंच म्हणायला लागले मला. फ्लेक्सवर माझा फोटो तिच्याएवढाच, खाली ‘सरपंचपती’. निरगुडसरला दिलेली माझी थोरली बहीण तो फ्लेक्स बघून म्हणाली, “बारक्या, तू उभा कवा राहिला व्हतास रं?”

टपरीवर एकदा टीव्हीत बातमी लागली, कुठल्याशा देशात बाई राष्ट्राध्यक्ष झाली. चहावाल्यानं विचारलं, “सरपंच, तिच्या नवऱ्याला काय म्हणत असत्याल ओ?”

“जरा सरकून बसा म्हणत असतील,” मी म्हणालो. सगळे हसले. मला त्या बिनकामाच्या पदाची गोडी लागली होती. इस्त्रीचा शर्ट घातल्याशिवाय मी टपरीवरसुद्धा जात नव्हतो.

मग या हिवाळ्यात, सकाळी, शेजारची वहिनी उसाच्या कडेला घास कापत असताना बिबट्यानं तिची मान धरली. आमच्या घरापासून दोन बांध पलीकडे. ती जागीच गेली. पोस्टमार्टमला तिच्या नवऱ्याबरोबर माझी बायको गेली. मी मागं राहिलो, कारण ‘सरपंच गावात पाहिजेत’ असं जो तो म्हणत होता.

दुपारी पोरांनी हमरस्ता अडवला. वनखात्याचा साहेब आला होता, पिंजरे लावतो असं तोंडानं सांगत होता. तेवढ्यात ॲम्ब्युलन्स आली. पोरं तिच्यापुढं आडवी झाली.

“सरपंच, सांगा यास्नी. बॉडी हितंच ठिवायची. लेखी दिल्याबिगर उचलायची न्हाई!”

पुढच्या सीटवरून तिचा नवरा उतरला. हातातल्या पिशवीत तिच्या चपला होत्या. माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाला, “मला तिला घरी न्यायचीय. पोरगी वाट बघतीय.”

साहेबानं मला विचारलं, “आपण सरपंच का?”

“मी त्यांचा... मिस्टर.”

“आता मिस्टर झाला व्हय! फ्लेक्सवर लई मोठा व्हता!” मागून कुणीतरी बोललं. हसलं कुणी नाही. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. मी म्हणालो, “तिला विचारून सांगतो.”

“बायकूला इचारून सांगतोय, राव!”

ॲम्ब्युलन्सचं मागचं दार उघडलं आणि बायको खाली उतरली. पदरावर रक्त वाळलेलं. ती पोरांना म्हणाली, “तिला घरी जाऊ द्या. रस्त्यावर बसायचं ते जित्या माणसांनी बसायचं. लेखी हातात पडल्याशिवाय मी उठत नाही.” आणि भर डांबरावर बसली. पोरं बाजूला झाली. मला एवढंच म्हणाली, “तुम्ही जा तिच्यासंगं.”

घरी बायकांनी चादरीचा आडोसा धरला. सवाष्ण गेलेली, तेव्हा हिरवी साडी, हळदीकुंकू सगळं करायचं. पण मानेला गुंडाळलेल्या कापडाला कुणाचा हात लागेना. म्हातारी सासू आतून म्हणाली, “सरपंच येऊ द्या. तिनं बघितलंय समदं.” मी कधीचा दारातच उभा होतो, पण ती मला म्हणत नव्हती.

मी बायकोला फोन लावला. पलीकडं गलका चालला होता. “ते कापड सोडू नका म्हणावं. वरनंच पदराचे दोन वेढे घ्या. साहेब अजून वरच्यांशी बोलतोय, मला येता नाही यायचं.”

चादरीकडं पाठ करून मी मोठ्यानं सांगितलं, “सरपंच म्हणतात, कापड सोडू नका. वरून पदर घ्या.”

बायकांनी तसंच केलं.

मग कुंकू लावायला तिच्या नवऱ्याला आत बोलावलं. तो वाकला, अंगठा कुंकवात बुडवला, पण हात काही कपाळापर्यंत जाईना. डोक्याशी लेक उभी होती, ती बापाकडं बघत होती.

“भाऊ,” तो वर न बघताच म्हणाला, “हात धरा माझा.”

मी आत जाऊन त्याचं मनगट धरलं. दोघांनी मिळून हात कपाळापर्यंत नेला. कुंकू लागलं, थोडं भुवईवर सांडलं. लेकीनं पुढं होऊन ते ओढणीच्या टोकानं पुसून घेतलं.