पत्र्याच्या डब्याचा गार्ड

ओटोकार फ्राउंडल हा माणूस मला कधी आवडला नाही, आणि आता तो मेला म्हणून आवडायला लागलाय असंही नाही. सतरा वर्षं मी त्याच्याबरोबर एकाच गाडीवर काम केलं. मी इंजिनात कोळसा टाकायचो, तो गार्ड म्हणून मागे डब्यात तिकिटं तपासायचा. तेव्हा त्याच्याबद्दल बोलायचा हक्क आमच्या खोऱ्यात माझ्याइतका दुसऱ्या कुणाला असेल असं वाटत नाही.

तो आला चोपन्न साली, लिंझ शहरातून. मोठ्या गाड्यांवर होता म्हणे. कुठल्याशा अधिकाऱ्याच्या बायकोच्या कुत्र्यावरून भांडण झालं आणि ह्या साहेबांनी नोकरी सोडली. मग आमच्या खाजगी कंपनीनं त्याला घेतलं. हॉलनराइथ ते वीसेनमार्क एवढी एकवीस किलोमीटरची आमची लाईन. वर जंगल आणि बटाट्याची शेतं, खाली मोठ्या लाईनचं जंक्शन. दिवसाला तीन फेऱ्या, इंजिनामागे बहुतेक वेळा एकच डबा. फ्राउंडलनं पहिल्या दिवशी फलाटावर उभं राहून हे सगळं पाहिलं आणि म्हणाला, "ही गाडी आहे?"

वेंझेल, आमचा ड्रायव्हर, म्हणाला, "नाही, बैलगाडी आहे. चढा, उशीर होतोय."

त्याच वर्षी कंपनीनं नवे हलके डबे आणले. नवे म्हणजे काय, जुन्या लाकडी डब्यांचे सांगाडे काढले, मधली चाकं काढून टाकली आणि उरलेल्या दोन जोड्यांवर पातळ पत्र्याचं नवं शरीर बसवलं. बाहेरून हिरवा रंग, आत रेग्झिनच्या सीटा, वर सामानाच्या जाळ्या. अठरा टनांचा डबा तेरा टनांवर आला. आमच्या चढावर त्या छोट्या इंजिनाची धाप कमी झाली, हे मी फावडं हातात धरून सांगतो. पण बाहेर थंडी असली की आतही थंडी. इंजिनातून नळीनं वाफ येई तोवर ऊब, नळी सोडली की दहा मिनिटांत पत्रा गार. गावात सगळे त्याला पत्र्याचा डबाच म्हणायचे.

फ्राउंडल मात्र त्याला 'माझा डबा' म्हणायला लागला. जणू त्यानंच ठोकून बनवला होता. दारात उभा राहून तो शेतकऱ्यांच्या बायकांना बूट पुसायला लावायचा. कोंबडीची टोपली दिसली की नाक मुरडायचा. बटाट्याचं पोतं सीटवर ठेवलं म्हणून त्यानं एकदा सत्तरीच्या म्हाताऱ्याला खिंडीच्या थांब्यावर उतरवलं होतं. स्टेशनमास्तरसमोर मात्र टोपी काढून कमरेत असा वाकायचा की वाटावं, ह्याचं काहीतरी खाली पडलंय.

त्याला उलट बोलणारी एकच होती, वालबुर्गा एंत्सिंगर. नवरा लढाईतून परत आला नाही, तेव्हापासून खिंडीजवळची लाकडाची वखार तीच चालवायची. उंच, हाडापेराची, आवाज करवतीसारखा.

"बाई, बूट," फ्राउंडल म्हणायचा.

"पायातच आहेत," ती म्हणायची आणि आत जाऊन बसायची.

अठ्ठावन्नच्या जानेवारीत ते घडलं. दुपारची गाडी वरून खाली येत होती. डब्यात एकतीस माणसं. दोन दिवस वारा होता, खिंडीत बर्फ साचून दगडासारखा झाला होता. इंजिन आपल्या वजनानं ते फोडत पुढे निघालं. डबा हलका. त्याची मागची चाकं बर्फावर चढली आणि रुळावरून उतरली. मोठा आवाजसुद्धा झाला नाही. एक खडखडाट, मग डबा मागून तिरका बसला. वेंझेलनं ब्रेक मारला. आम्ही उतरून पाहिलं तर मागची दोन्ही चाकं उजवीकडे सरकून खडीत रुतलेली. कुणाला लागलं नव्हतं. क्रेसेंत्सिया आजी तेवढ्या रडत होत्या. त्या इस्पितळात तपासणीला निघाल्या होत्या, पाय प्लास्टरमध्ये, त्यामुळे चालत जायचा प्रश्नच नव्हता.

नियम साफ होता. अशा वेळी गार्डनं माणसांपाशी थांबायचं आणि इंजिननं खाली जाऊन खबर द्यायची. फ्राउंडल बर्फात पायसुद्धा न टाकता पुढच्या दारातून थेट इंजिनावर चढला.

"तुम्ही कुठे?" वेंझेलनं विचारलं.

"फोनवर नीट बोलणारा माणूस हवा. तुम्ही दोघं काय बोलणार?"

"आणि ही माणसं?"

"माणसांनी जागेवर बसून राहायचं. मी सांगितलंय त्यांना."

इंजिन डब्यापासून सुटं करायचं तर वाफेची नळीही सोडावी लागली. ती मी सोडली. आत खिडकीशी बसलेली वालबुर्गा माझ्याकडे बघत होती. आम्ही निघालो.

वीसेनमार्कला फोन दोन मिनिटांत झाला. दुरुस्तीची टोळी दुसऱ्या गावाहून यायची होती, दोन तास लागणार होते. वेंझेल म्हणाला, तोवर आपण परत जाऊ, इंजिनची वाफ देऊ, निदान डबा गरम राहील. पण गार्डच्या परवानगीशिवाय इंजिन हलत नाही, आणि गार्ड म्हणाला, "टोळीशिवाय परत जाऊन काय करणार? हात हलवत उभे राहणार?" मग तो स्टेशनच्या खानावळीत जाऊन बसला आणि त्यानं सूप मागवलं, गरम, त्यात यकृताचे दोन गोळे. वेंझेल दारात उभा राहून शिव्या घालत होता. मी आत जाऊन बसलो. मीही सूप प्यालो. दोन वाट्या. हे मी लपवत नाही, कारण लपवून उपयोग नाही, सगळ्या खोऱ्याला ठाऊक आहे.

इकडे खिंडीत काय झालं ते आम्हाला नंतर कळलं. आम्ही दिसेनासे झाल्यावर वालबुर्गा उठली आणि म्हणाली, "ज्यांना बसून गोठायचंय त्यांनी बसा. बाकीच्यांनी माझ्याबरोबर चला." वखार दहा मिनिटांवर. तिथून तिनं ओंडके उचलायचे दोन मोठे स्क्रूजॅक आणले, ओकच्या टणक लाकडाच्या फळ्या आणल्या, पहारी आणल्या, आणि आजींसाठी घोंगड्या आणि चहाचं पातेलं. शाळेचे मास्तर म्हणाले, "बाई, हा रेल्वेचा डबा आहे, तेरा टनांचा!"

"निम्मं वजन पुढच्या चाकांवर आहे ना, मास्तर? उरलं सहा-साडेसहा टन. माझ्याकडे तेवढ्या वजनाचे ओंडके दर आठवड्याला येतात. फळी धरा."

त्यांनी आधी पुढच्या चाकांखाली लाकडाच्या पाचरी ठोकल्या. मग मागची बाजू बोटबोट वर उचलली. दर दहा बोटांनी खाली फळ्या रचल्या, म्हणजे जॅक घसरला तरी डबा खाली यायला नको. चाकं रुळाच्या वर आली तेव्हा फळ्यांना साबण फासला आणि पंधरा-वीस जणांनी पहारींनी डबा आडवा रेटला. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा चाकं रुळावर बसली. आजी आत सीटवरच होत्या, आणि खिडकीतून "अजून थोडं, अजून थोडं" म्हणत होत्या.

टोळी घेऊन आम्ही तीन तासांनी परत आलो तेव्हा डबा रुळावर उभा होता. वालबुर्गा पायरीवर बसली होती. हातमोजे फाटून बोटांना रक्त आलं होतं.

"आलात?" ती म्हणाली. "चला, जोडा इंजिन. उशीर झालाय."

आणि आमच्या गार्डसाहेबांच्या तोंडातून पहिला शब्द कोणता निघावा? आभार नाहीत, कसे आहात नाही. तो म्हणाला, "हे कुणाच्या परवानगीनं केलं?"

दुरुस्तीच्या टोळीचा मुकादम वाकून चाकं बघून आला आणि वालबुर्गासमोर त्यानं टोपी काढली. बस, तेवढंच.

पुढे अहवाल आला. फ्राउंडलनं लिहिला होता, सुरेख अक्षरात. 'गार्डच्या प्रसंगावधानानं आणि देखरेखीखाली प्रवाशांनी डबा पुन्हा रुळावर चढवला.' खाली दोन साक्षीदारांची जागा. वेंझेलनं वाचला आणि कागद त्याच्या अंगावर फेकला. मी सही केली. मला ड्रायव्हर व्हायचं होतं, आणि गार्डशी वैर घेतलेल्या फायरमनला कुणी ड्रायव्हर करत नाही. दुसरं काही कारण नव्हतं. ड्रायव्हर मी झालो, बारा वर्षांनी, जेव्हा लाईन जवळजवळ मेलीच होती.

मे महिन्यात हॉलनराइथच्या फलाटावर फ्राउंडलला पदक द्यायचा सोहळा झाला. बँड आला, कंपनीचे डायरेक्टरसाहेब आले, डब्याला फुलांच्या माळा घातल्या. डायरेक्टरनं अहवाल मोठ्यानं वाचला, साक्षीदार म्हणून माझं नावही वाचलं. मी बुटांकडे बघत होतो. त्यांनी पदक हातात घेतलं, तेवढ्यात गर्दीतून वालबुर्गाचा आवाज आला.

"एक विचारायचंय, साहेब. गार्डनी फक्त एवढं सांगावं, चाकं कोणत्या बाजूला उतरली होती? डावीकडे की उजवीकडे?"

बँडवाले थांबले. फ्राउंडलनं डायरेक्टरकडे पाहिलं, मग डब्याकडे पाहिलं, जणू डबाच सांगणार होता. मग छाती काढून म्हणाला, "डावीकडे."

डब्यातली एकतीसच्या एकतीस माणसं त्या फलाटावर असतील. आधी मास्तर हसले, मग सगळेच. क्रेसेंत्सिया आजी कुबडी टेकून इतक्या हसल्या की त्यांना धरावं लागलं. डायरेक्टर खोकले, आणि त्यांनी पदक लावलं. लावलंच! कारण पदक आणलं होतं, फोटोवाला आणला होता, आणि परत नेण्याचा त्रास कोण घेणार? त्या दिवसापासून कंपनीबद्दलचं माझं मत फ्राउंडलबद्दलच्या मताहून फार वेगळं राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीत त्यानं "तिकीट!" म्हणून हाक दिली, तर मागून कुणीतरी विचारलं, "डावीकडे की उजवीकडे?" मग रोजच. पोरं विचारायची, पाद्री विचारायचे, लग्नाला निघालेली माणसं विचारायची. तिकीट पुढे करताना मुद्दाम डाव्या हातानं करायची. मलाही काही सूट नव्हती. वालबुर्गा इंजिनापाशी थांबून म्हणायची, "काय साक्षीदार, कोळसा पुरेसा आहे ना?" इतक्या वर्षांत तिनं मला नावानं एकदाही हाक मारली नाही.

फ्राउंडलनं बदली मागितली. तीनदा. पण कंपनीनं त्याचा पदकवाला फोटो कॅलेंडरवर छापला होता, आणि लाईनचा वीर लाईनवरच शोभतो असं त्यांनी कळवलं. दुसरीकडे नोकरी शोधायचं धाडस त्याच्यात नव्हतं. तेव्हा तो त्याच पत्र्याच्या डब्यात, त्याच लोकांमध्ये, दिवसाला तीन फेऱ्या मारत राहिला. पदक मात्र त्यानं कधी काढलं नाही. कोटावर रोज. ते काढून ठेवलं असतं तर वर्षभरात लोक विसरले असते. एवढं साधं त्याला सुचलं नाही, किंवा सुचलं तरी जमलं नाही.

एकोणसत्तर साली एकदा तो माझ्याकडे आला. आम्ही वरच्या स्टेशनवर पाणी भरत होतो. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "किलियान, एक सांग. कोणत्या बाजूला होतं रे?"

मी फावडं खाली ठेवलं. "अकरा वर्षं झाली. कुणालाच विचारलं नाहीस?"

"कुणाला विचारणार?"

"उजवीकडे," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी डब्यात प्रश्न आला तेव्हा त्यानं ताठ उभं राहून सांगितलं, "उजवीकडे!" मग वालबुर्गा शांतपणे म्हणाली, "सापडलं वाटतं." आणि पत्रा थरथरावा असा हशा पिकला.

एकाहत्तर साली आमच्या गाड्या बंद झाल्या, रस्त्यावर बस आली. एक डबा मधमाश्या पाळणाऱ्यानं नेला, दुसरा वालबुर्गानं वखारीतल्या माणसांना जेवायला बसायला म्हणून घेतला. वेंझेल तोवर वारला होता. त्याचं कौतुक कुणी केलं नाही, त्यालाही ते नको होतं. फ्राउंडल लिंझला बहिणीकडे गेला आणि आठ वर्षांनी तिथंच मेला.

अंत्यविधीला आम्ही चौघं होतो. कंपनीच्या पेन्शनर मंडळाकडून कुणीतरी जायलाच हवं होतं, म्हणून मी. कोटावर पदक लावूनच त्याला पुरलं. नंतर कॉफी पिताना त्याच्या बहिणीनं, रोझालिंडबाईंनी, मला विचारलं, "तुम्ही इतकी वर्षं बरोबर होतात. कसा होता हो तो? आमच्याशी तो कामाबद्दल कधी बोललाच नाही."

खोटं एकदा लिहून दिलं होतं, पुन्हा द्यायची इच्छा नव्हती.

"वेळेचा पक्का होता," मी म्हणालो.

"आणि?"

"एवढंच, बाई."

त्यांनी माझ्या कपात आणखी कॉफी ओतली. मी ती प्यालो, आणि सहाची गाडी पकडून घरी आलो.