भाड्याचा हत्ती नको म्हणणाऱ्या अक्का

देवणीहून महादेवीचा फोन आला तेव्हा मी लातुरात डाळ निवडत बसले होते. "मॅडम, अक्का गेल्या," एवढंच ती म्हणाली. महादेवी अक्कांची सून. बातमी ऐकून शेजारणी म्हणाल्या, भरलं आयुष्य जगल्या, रडू नका. रडू नाही आलं, रागच आला. अजून कितीतरी जणांशी भांडायचं बाकी होतं आणि ही बाई उठून चालती झाली...

देवणीच्या बाजारात अक्कांचं बांगड्यांचं दुकान. मी मूळची उमरीची. नोकरी लागून देवणीच्या शाळेवर आले तेव्हा माझं 'जयभीम' ऐकलं की घरमालकांच्या रिकाम्या खोल्यांत अचानक पाहुणे उतरायचे. अक्का पक्क्या लिंगायत, कपाळावर ठसठशीत विभूती. त्यांनी दुकानामागची खोली मला उघडून दिली आणि कुरकुरणाऱ्यांना सांगितलं, "घर माझं हाय, मी ठरवीन कोन राहायचं ते." नवरा गेल्यापासून दुकान त्या एकट्याच चालवत होत्या. विधवेच्या हातून सवाष्णींनी बांगड्या भरून घ्यायच्या की नाही, यावर गावात कुजबुज चालायची. पण अक्कांचा हात असा हलका की काचेचा चुडा कितीही घट्ट असला तरी मनगटाला ओरखडा उठत नसे. बाया येतच राहिल्या.

त्या काळी लेकरू भिऊ नये म्हणून त्याला हत्तीच्या शेपटीच्या केसाची अंगठी घालत. हत्ती गावात आला की लेकराला त्याच्या पोटाखालून काढत. अक्काही या अंगठ्या विकायच्या, कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. लातूर जिल्हा नुकता वेगळा झाला होता आणि पावसाने दगा दिला होता. विहिरींचे तळ दिसत होते. अशात एक माहूत हत्तीण घेऊन आला आणि दुकानासमोरच थांबला. बायांनी गराडा घातला. मागेल तिला तो शेपटीचा केस उपटून द्यायचा आणि दर वेळी ती हत्तीण मागचा पाय उचलून जागच्या जागी डुलायची. शेपटीला गोंडा म्हणावा असा उरलाच नव्हता. अक्कांनी हंडाभर पाणी तिच्यापुढे ठेवलं आणि विचारलं, "कुठनं आणलास रे हिला?" माहूत दखनीत म्हणाला, "अम्मा, बच्चा थी तब जंगल से पकड़े. माँ बहोत दूर तक पीछे आई बोलते." तो हे सहज बोलला. त्या दुपारी अक्कांनी काचेच्या कपाटातल्या सगळ्या अंगठ्या काढून चुलीत घातल्या. जळक्या केसांचा वास माझ्या खोलीतून रात्रीपर्यंत गेला नाही.

मी शिकलेली, म्हणून मी शहाणपणा केला. "अक्का, आपल्याकडे कुठलं जंगल अन् कुठले रानहत्ती? देवणीत बसून तुम्ही त्यांचं काय राखणार?" त्या भडकल्या. "आपुन बोलावतो म्हनून धरत्यात त्येला! रानात जाऊन राखण कराया मला येत न्हाई. बोलावणं तर बंद करता येतंय की न्हाई?"

नव्या जिल्ह्याचे मोठे साहेब पहिल्यांदा देवणीला येणार म्हणून व्यापाऱ्यांनी मिरवणूक ठरवली. पुढे हत्ती हवा, असं सगळ्यांचं मत पडलं. माहूत जवळच मुक्कामाला होता. अक्का बोलावणं नसताना बैठकीत जाऊन बसल्या, मी त्यांच्या मागे. "देवणीच्या बैलाचं नाव मुलखात हाय," त्या म्हणाल्या, "अन् तुमी साहेबाच्या म्होरं भाड्याचा हत्ती नाचवणार?" एक जण म्हणाला, "अक्का, बैलांची हाडं वर आल्यात. शोभा होईल गावाची." अक्का ताडकन म्हणाल्या, "होऊ द्या की! साहेबाला दुष्काळ बी दिसंल." मग एका शेटजींनी शेवटचा दगड मारला. विधवेच्या हातून आमच्या बायका बांगड्या भरतात हेच लई झालं, उद्यापासून बघू कोण येतंय. अक्कांचं घर त्या दुकानावर चालत होतं. मुलगा तेव्हा शाळेत होता. मी त्यांचा पदर ओढला. त्यांनी माझा हात झटकला आणि म्हणाल्या, "नगा येऊ. पन हत्ती आला तर वेशीत मी आडवी पडणार हाय."

हत्ती आला नाही. मिरवणुकीपुढे देवणीची काळी-पांढरी बैलजोडी चालली, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. साहेब गाडीतून उतरले, बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले आणि चाऱ्याचं विचारू लागले. हारतुरे घेतलेले व्यापारी मागे ताटकळले. मला तेव्हा इतका आनंद झाला की शाळेतल्या मास्तरणीला शोभणार नाही अशी मी शिट्टी मारली.

किंमत मोजावी लागलीच. बऱ्याच घरांनी अक्कांच्या दुकानात यायचं सोडलं. अक्का मग डोक्यावर टोपली घेऊन खेड्यापाड्यांत हिंडल्या. बांगडी भरताना बाईचा हात आपल्या हातात असतो, ती उठून जाऊ शकत नाही, हे त्यांनी पुरेपूर वापरलं. अंगठी घेऊ नका, हत्ती दारी आला तर पाणी पाजा पण पैसा टाकू नका, हस्तिदंत फुकट दिला तरी घेऊ नका... चुडा भरून होईपर्यंत ऐकावंच लागायचं. ती हत्तीण काही रानात परत गेली नाही. ते त्यांना फार लागलं होतं. पण त्या भागात केसाची अंगठी मागणं हळूहळू लाजेचं झालं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

परवा देवणीला गेले. अक्कांच्या जागी गादीवर महादेवी बसली होती. सासूच्या या हट्टापायी चारचौघांत मान खाली घालावी लागते, अशी तिची जन्माची तक्रार. तेवढ्यात लातूरच्या मांडववाल्याचा फोन आला. तिच्या मुलाचं लग्न ठरलंय, मांडव, बँड सगळं त्याच्याकडेच ठरवलेलं. नवरदेवासाठी हत्तीची सोय करून देतो, तो उत्साहात सांगत होता. महादेवीने माझ्याकडे बघितलं.

"हत्ती नगं," ती म्हणाली. तो आणखी काहीतरी सांगू लागला. तिने त्याला तोडलं. "अन् तुमी हत्ती ठिवत असाल तर तुमचा मांडव बी नगं, बँड बी नगं. लेकाला चालवत नेईन."

तिने फोन ठेवला. समोर एक बाई बांगड्या भरायला बसली होती, तिचं मनगट हातात घेत महादेवी म्हणाली, "बसा हो, ऐका..."