चार बोटं माया

गफूरमामू गेल्याची बातमी आमच्या सेनगावच्या वार्ताहराने चार ओळींत पाठवली. त्यात ‘माजी सुभेदार’ असा शब्द होता. फोन करून विचारले, तर म्हणाला, चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागलाय, त्यावरून घेतला. फ्लेक्स एका निवासी शाळेचा होता. ‘मिलिटरी पॅटर्न’ ही अक्षरे शाळेच्या नावापेक्षा मोठी आणि मामूंच्या फोटोखाली ‘आमचे मार्गदर्शक’. मामू सुभेदार नव्हते, शिंपी होते. उमेदीची वर्षे त्यांनी एका छावणीतल्या दुकानात जवानांचे गणवेश शिवले, मग सेनगावात येऊन मशीन टाकले. बातमीतला तो शब्द मी काढला. फ्लेक्स तसाच राहिला... मेलेल्या माणसाला हुद्दा द्यायला खर्च येत नाही.

त्या शाळेत मामू एकदाच गेले होते, दोन वर्षांपूर्वी, माझ्याबरोबर. माझ्या मुलाला सहावीत घालायचे होते. सरकारी सैनिकी शाळेच्या परीक्षेत त्याची निवड झाली नव्हती आणि नावाजलेल्या खासगी शाळांची फी माझ्या आवाक्याबाहेर होती. ही शाळा स्वस्त होती. ‘भावी अधिकारी घडवणारी’ ही तिची जाहिरात आमच्या पेपरच्या याच रविवार पुरवणीत यायची. तिचे शुद्धलेखन मीच तपासायचो. तेच खोटे दर रविवारी वाचले की खरे वाटू लागते. गणवेशाची यादी घेऊन मी मामूंकडे गेलो. पहिला जोड कुठेही शिवा, पुढचे दरवर्षी शाळेतूनच घ्या, असा नियम होता. खाली सूचना : कपड्यात माया सोडू नये. शिवणीच्या आत दुमडून ठेवलेले जास्तीचे कापड म्हणजे माया. लेकरू वाढले की ती उसवून कपडा लांब करतात.

मामूंनी यादी दोनदा वाचली. “काहून सोडायची न्हाई?”

“शिस्तीत दिसावं म्हणून असेल.”

“पेपरवाले, कर्नलच्या पँटीतबी माया असते. चला, बघून येऊ तुमची फौज.”

जीपने गेलो. फाटकाशी सिमेंटचा रणगाडा होता, त्याच्या नळीत चिमण्यांनी घर केले होते. कमांडंट म्हणून जे समोर आले ते संस्थापकांचे मेहुणे. छातीवर रंगीत फितींच्या तीन रांगा. मामू त्या फितींकडे बराच वेळ बघत राहिले.

“साब, कंच्या युनिटमधून रिटायर?”

“युनिट महत्त्वाचं नाही. शिस्त महत्त्वाची.”

“बराबर. मधली रांग उलटी लागलीय. तेवढी शिस्तीत लावा.”

मैदानात मुले ओळीने उभी होती. बहुतेकांचे घोटे उघडे. मामूंनी खाली बसून एकाच्या पँटचा काठ उलटून पाहिला. आत काही नव्हते. “बेटा, घरी जाऊन किती दिवस झाले?” मुलाने आधी कमांडंटकडे पाहिले आणि मग मोठ्याने सांगितले, “मजेत आहे, सर!”

 परतताना जीपमध्ये मी म्हणालो, फी परवडण्यासारखी आहे.

“व्हय, स्वस्तच हाय. आत कायीच न्हाई, तर महाग कसं असंल?” मग म्हणाले, “आमच्यात पॅटर्न म्हंजे कागद. कापड कापायच्या आधीचा. कागद घालून लेकराची थंडी जाते का? आन जिथं कपड्यातबी माया चालत न्हाई, तिथं पोरगं ठेवायला निघून राहिले तुमी.”

मुलगा गावातल्याच शाळेत गेला. त्याची खाकी पँट मामूंनी शिवली. पुढच्या रविवारी जाहिरात पुन्हा आली आणि तिचे शुद्धलेखन मीच तपासले. मामूंनी ती वाचली असणार. 

गेल्या आठवड्यात बायकोने त्या पँटचा काठ दुसऱ्यांदा उसवला. आतले कापड बाहेरच्यापेक्षा गडद निघाले, त्यावर मामूंच्या निळ्या खडूची रेघ होती. त्यांनी चार बोटं सोडली होती. अजून एक बोट शिल्लक आहे.