वर्गात भरलेली ग्रामसभा

शेलूबाजारजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत मी इतिहास-राज्यशास्त्र शिकवते. माझी नववीची मुलं लोकशाहीची व्याख्या घडाघडा म्हणायची, पण आपल्या गावात ग्रामसभा भरते कुठं, हे एकालाही ठाऊक नव्हतं. मग मी बाकं भिंतीला लावली आणि वर्गातच ग्रामसभा भरवली. एक जण सरपंच झाला, एक ग्रामसेवक. बाकीच्यांनी गावात फिरून खरे प्रश्न आणायचे, असं ठरलं.

पहिल्या दिवशी नुसता कालवा. मुख्याध्यापक दारात येऊन म्हणाले, "मॅडम, हा वर्ग हाय का गुरांचा बाजार?"

दुसऱ्या तासाला मागं बसणारी एक मुलगी उठली. एरवी हजेरीपुरतंच बोलायची. तिची आई शेतमजूर. ती म्हणाली, "फाट्यावरून गावात येनाऱ्या रस्त्याचे दिवे बंद हायेत. पोरी अंधारात येऊन राह्यल्या."

'सरपंच' ऐटीत म्हणाला, "अर्ज द्या, पाहू."

"पाहू मंजे कवा? तारीख सांगा."

'सरपंचा'ने माझ्याकडं पाहिलं. मी मुद्दामच हजेरीपटात डोकं घातलं. शेवटी त्यानं मान खाली घालून ठराव लिहायला सांगितला.

तास संपल्यावर ती माझ्याकडं आली. "मॅडम, खऱ्या ग्रामसभेत मले बोलता येईल का?"

मी म्हटलं, "तू अजून मतदार नाहीस. अठरा वर्षं पूर्ण व्हावी लागतात."

ती म्हणाली, "माही आई हाय ना मतदार."

रोज संध्याकाळी चुलीजवळ तिनं आईची तयारी करून घेतली. शेजारच्या बायाही येऊन बसू लागल्या. कसं उठायचं, काय मागायचं, कोणी बस म्हटलं तर काय करायचं, सगळं.

ग्रामसभेच्या दिवशी मी मुद्दाम गेले. बाया मागं, भिंतीला टेकून बसलेल्या. तिची आई पदर सावरत उठली. तिनं दिव्यांचं सगळं नीट सांगितलं. सरपंच म्हणाले, "अर्ज देऊन ठेवा बाई, पाहू."

"पाहू नोका, तारीख सांगा. अन् ठरावात लिवून घ्या."

तिच्यामागोमाग शेजारणी उठल्या. सरपंचांनी एकदा त्यांच्याकडं पाहिलं आणि ग्रामसेवकाला लिहायला सांगितलं.

माझी विद्यार्थिनी बाहेर खिडकीशी उभी होती. आई बोलत असताना हिचेही ओठ हलत होते. इतक्या वर्षांच्या नोकरीत बोर्डाचे चांगले निकाल पाहिले, सत्कारही झाले, पण ऊर इतका भरून कधी आला नव्हता.

पोळ्याच्या आधी रस्त्यावर दिवे लागले. दोन खांब अजून तसेच आहेत, त्यासाठी बायांनी पुन्हा अर्ज दिलाय. आणि मुख्याध्यापकांनी परवा मला बोलावून विचारलं, "मॅडम, आठवीच्या पोरायची ग्रामसभा कवा घेता?"