कागदाच्या माथ्यावरची खूण

आमच्या चेन्नईतल्या नुंगंबाक्कमच्या ऑफिसातली तरुण डिझायनर कागदाच्या माथ्यावर पिल्लैयार सुळी काढल्याशिवाय चित्राला हात घालत नसे. आपण 'श्री' लिहितो, तशी ती गणपतीची खूण.

"साबणाच्या खोक्यालाही देव लागतो का गं?" मी चिडवायचो.

"लागतो, सार. सुचतं ते माझं थोडंच असतं?" तंजावरी मराठीत, तमिळ हेल काढून ती म्हणायची.

आता चित्रं एआय काढतं, ती फक्त छापील कागदावर दुरुस्त्या करते. हा हुकूम माझाच. परवा पाहिलं, तर एकाही कागदावर खूण नव्हती.

"विसरलीस?"

"नाही, सार. मला काही सुचायचंच नाही, तर त्याला कशाला बोलवू?"

मला माफी मागायची होती. तोंडातून निघालं, "उरलेली चित्रं संध्याकाळपर्यंत होतील ना?"

"होतील, सार," ती म्हणाली.