बडे बाबूंची पुसलेली सही

आमचे बडे बाबू समोर आलेला कागद आधी वाचत नसत. तो खिडकीच्या उजेडात तिरपा धरून त्यावरची शाई पाहत. ब्लू-ब्लॅक शाई लिहिताना निळी असते, दोन-तीन दिवसांत काळी पडते आणि मग तिच्यावर पाणी सांडले तरी अक्षर जागचे हलत नाही. या काळे पडण्याला ते ‘शाई पिकणे’ म्हणत. कालची टिपणी आजच वर पाठवण्याची घाई कोणी केली, की ते फाइल मिटून म्हणत, “पिकू द्या ना भाऊ. सरकार काही पळून नाही चाललं.”

त्यांच्याविषयी रायपूरच्या मराठी मंडळींत एक भलतीच कहाणी रूढ झाली आहे. कोणी एक पेनवेडा हेडक्लार्क होता, तो बॉलपेनला शिवत नसे, त्या हट्टापायी त्याची सही पाण्यात पुसली आणि तो भोपाळला फेकला गेला, अशी. ऐकणारे पोट धरून हसतात. परवा चौबे कॉलनीतल्या एका बारशाला, राजधानीत नोकरीसाठी आलेल्या एका तरुण गृहस्थाने ती मलाच ऐकवली आणि वर म्हणाला, “अंकल, एक बॉलपेन जेब में रख लेते तो बच जाते ना!” मी ताटावरून उठलो. हा गृहस्थ त्या काळी शाळेत असेल. मी बडे बाबूंच्या उजव्या हाताच्या खुर्चीवर नऊ वर्षे बसलो आहे.

ते पेनवेडे नव्हते. कहाणीत त्यांच्या पेनांची संख्या दरसाल वाढत असते. प्रत्यक्षात त्यांच्याजवळ तीन पेने होती. एक टिपणीचे, एक सहीचे आणि एक, जाड निबेचे, घरच्या पत्रांचे. बॉलपेनही होते, टाचण्यांच्या डबीशेजारी, दोऱ्याने बांधलेले. कार्बन घालून तीन प्रती काढायच्या तर ते बॉलपेनच उचलत. एका साहेबांनी त्यांना त्यावरून डिवचले तेव्हा त्यांनी शांतपणे उत्तर दिले होते, “साहेब, चमच्यानं भात खाता येते, म्हणून त्यानं भाजी चिरता येते काय?” ज्याला ज्या कामाचे साधन ठाऊक आहे, त्याला वेडा म्हणणारे लोक स्वतः कोणते काम धड करतात, हे मला अजून दिसायचे आहे.

टेबल मात्र पाहण्यासारखे असे. डावीकडे टीपकागद, उजवीकडे काचेचा पेपरवेट, मध्ये फक्त एक फाइल. दुसरी फाइल आली तर पहिलीने उठायचे. दर सोमवारी ते तिन्ही पेने कोमट पाण्याने धूत, निबा मलमलीच्या चिंधीने टिपत आणि माझ्यापुढे ठेवत. ड्रॉपरने शाई भरण्याचे काम माझे. शिपायाला त्यांनी ते कधी सांगितले नाही. सेक्शनमध्ये याला गुलामी म्हणणारे होते. मी त्याला मान समजत होतो, आजही समजतो.

दुपारी बरोबर एकला ते पेनांना टोपणे लावून सायकलने घरी जात. त्यांच्या पत्नीला, आमच्या वहिनींना, अर्धांगवायू झालेला होता. त्या त्यांच्याच हातून जेवत. मूलबाळ नव्हते. दिवसभर शेजारच्या पाऱ्यातली, म्हणजे वस्तीतली, एक बाई बसे, पण वहिनी तिच्या हातचा घास तोंडात धरत नसत. बडे बाबू दोनला परत येत. त्यांच्या बाहीवर पुष्कळदा वरणाचा डाग असे आणि त्याविषयी विचारण्याची कोणाची छाती नव्हती.

अशात राज्याचे दोन भाग झाले आणि रायपूर नव्या राज्याची राजधानी झाले. प्रत्येक कर्मचाऱ्याने रायपूर की भोपाळ, याचे विकल्पपत्र भरून द्यायचे होते. बडे बाबू काय लिहिणार, हे उघड होते. तिकडे नवी कार्यालये एका रात्रीत उगवल्यासारखी झाली आणि सदर बाजारातून कागद, टॅग, शाई, सगळे गायब झाले. आमची बाटली संपली होती. दुकानदाराने माझ्यापुढे साध्या निळ्या शाईची बाटली ठेवली. “ब्लू-ब्लॅक खतम है भैया। ये भी नीली ही है, लिखना ही तो है।” मी ती घेतली. दुसरे दुकान पाहायला हवे होते. ऊन होते, कंटाळा होता. दुसरे कारण नाही. ती शाई धुण्याने जाणारी होती, हे मला माहीत होते.

विकल्पपत्रावर नाव आणि हुद्दा टाइप केलेला होता. शाईची होती ती रायपूरपुढची खूण आणि खालची सही. सही करून त्यांनी निब उजेडात धरली. “आज शाई पातळ लागून राहिली, भाऊ.”

“नवी बाटली आहे,” मी म्हणालो. एवढेच म्हणालो.

पंधरवड्यात वरच्या कार्यालयाच्या गच्चीवरची टाकी फुटली आणि विकल्पपत्रांचा गठ्ठा कपाटात भिजला. बॉलपेनच्या सह्या टिकल्या. बडे बाबूंच्या कागदावर निळसर डाग उरला. सही नाही म्हणजे विकल्प नाही, आणि विकल्प नाही त्याला जागा असेल तिथे पाठवावे, असा हिशेब लावला गेला. त्यांनी अर्ज केला. “सही पाण्याने पुसली आहे, नवीन पत्र स्वीकारावे,” एवढ्या एका ओळीचा. उत्तरादाखल भोपाळचा आदेश आला. वहिनींना स्ट्रेचरवरून गाडीत चढवताना मी खांदा दिला आणि शाईचे तेव्हाही लपवले.

भोपाळला वहिनी आठ महिने जगल्या. मी भेटायला गेलो, तो त्यांच्या तेराव्यानंतर. एका खोलीचे क्वार्टर होते. बडे बाबूंनी स्वतः चहा केला. कप हातात घेण्याआधी मी म्हणालो, “बडे बाबू, ती शाई…”

“माहीत आहे. तिसऱ्या दिवशीही काळी नाही पडली, तेव्हाच समजलं मले. त्या हप्त्याचे सारे कागद पुन्हा लिहून काढले मी. ते पत्र तेवढं पुढे गेलं होतं.”

“मग अर्जात तसं काहून नाही लिहिलं? शाई दुसऱ्यानं बदलली म्हणून? ऐकलं असतं त्यांनी.”

“ऐकलं असतं, हव. अन् मग कोणी बदलली, हे पण विचारलं असतं. तुमचं विकल्पपत्र तेव्हा मंजुरीसाठी वर पडून होतं, भाऊ. तुमाले दोन पोरी आहेत.”

ते पुढे रायपूरला परतले नाहीत. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी तिकडेच वारले. मला खबर टपालाने, उशिरा कळली.

त्यांच्या अर्जात एका ओळीची जागा रिकामी होती आणि तिथे माझे नाव यायचे होते. इतकी वर्षे ती मी रिकामीच ठेवली, म्हणून लोकांनी तिथे त्यांचे पेन बसवले. आता ती ओळ मी भरून टाकली आहे. शाई मी बदलली. त्यांना शंका आली तेव्हा मी ते लपवले. ज्याला हसायचे असेल त्याने मला हसावे. मी अजून जिवंत आहे आणि ऐकून घ्यायला घरी असतो.